माप कुणाचं धरायचं?

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या साने चौकातून कुदळवाडीकडे जाताना कंपाउंडच्या भिंती वाचत गेलं, तर या पट्ट्याचा अर्धा कारभार कळतो. सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, हेल्पर पाहिजेत, खोली भाड्याने देणे आहे. आणि मधूनच, लाल रंगात, लिंगवृद्धीची हमी देणारा एखादा वैद्य आणि खाली मोबाइल नंबर. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली, तेव्हा अशा कितीतरी भिंती आडव्या झाल्या असतील. या जाहिरातींना भिंतींचा तोटा मात्र कधी पडत नाही.

खरं तर त्या बेकायदा आहेत. औषधं व सौंदर्यप्रसाधनांच्या नियमावलीत ‘जे’ नावाचं एक परिशिष्ट आहे. अमुक गोष्टी औषधानं बऱ्या होतील असा दावा कुठल्याही औषधावर करता येणार नाही, अशी ती यादी. टक्कल, उंची वाढवणं, कातडी गोरी करणं यांच्या पंगतीतच लैंगिक अवयवाचा आकार सुधारणं ही बाबही बसवलेली आहे. त्याच्या जोडीला जादुई उपचारांच्या जाहिरातींवरचा 1954 चा स्वतंत्र कायदा आहे. इतक्या स्पष्ट शब्दांत नाकारावी लागणारी गोष्ट लोक किती आतुरतेनं विकत घेत असतील, याचा अंदाज त्या यादीवरूनच येतो.

हा ग्राहक काही आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘शूकदोष’ या विषयाला एक आख्खा अध्याय दिलेला आहे. लिंग मोठं व्हावं म्हणून शूक नावाच्या विषारी किड्यांचे लेप चुकीच्या रीतीनं लावणाऱ्यांना होणारे विकार त्यात मोजले आहेत, एकूण अठरा. कामसूत्राच्या शेवटच्या अधिकरणात असेच वर्धनाचे प्रयोग सापडतात. एका ग्रंथात कृती आणि दुसऱ्यात तिचे दुष्परिणाम, अशी ही जुनी वाटणी. अठरा विकार वर्गवारीनं मांडायचे तर वैद्याकडे पेशंटही भरपूर येत असणार.

महाराष्ट्रात या विषयावर सभ्य माणसांनी छापील शब्दांत बोलायला सुरुवात केली ती रघुनाथ धोंडो कर्व्यांमुळे. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि 1953 मध्ये वारले तोवर ते चालवलं. वाचक प्रश्न पाठवत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला उभा राहिला. 1934 मध्ये कर्व्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी विचारलेल्या शंकांना जाणकारानं उत्तरंच द्यायची नाहीत काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुढे अनेक वर्षांनी डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ मराठी घरांच्या कपाटात, बहुधा मागच्या रांगेत का होईना, जाऊन बसलं, त्याची वाट या हरलेल्या खटल्यानं थोडी रुंद केली होती.

कर्वे मुंबईत कोर्टाच्या पायऱ्या चढत होते त्याच दशकात, 1936 मध्ये, बोगोराझ नावाच्या रशियन शल्यविशारदानं एक वेगळाच प्रयोग केला. लिंग गमावलेल्या माणसाला त्यानं कातडीचं नवं लिंग करून दिलं आणि आत बरगडीची कूर्चा घातली. कल्पना निसर्गातूनच उचललेली होती. कुत्रा, अस्वल, वॉलरस अशा कित्येक सस्तन प्राण्यांच्या लिंगात हाड असतं, माणसाच्या नसतं. ते हाड आपण देऊ, असा हिशेब. पण आत ठेवलेली कूर्चा शरीर हळूहळू खाऊन टाकतं. 1952 मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रिलिकच्या दांड्या वापरून पाहिल्या; त्या कातडीखाली, चुकीच्या जागी बसवलेल्या असल्यानं टोचायच्या, कधी बाहेर यायच्या.

योग्य जागा सापडली ती कैरोत. लिंगात स्पंजासारख्या पेशींच्या दोन समांतर नळ्या असतात. रक्त भरलं की त्याच ताठ होतात. बेहेरी या इजिप्शियन शल्यविशारदानं पॉलिथिनच्या दोन दांड्या थेट या नळ्यांच्या आत बसवल्या आणि 1966 मध्ये सुमारे 700 रुग्णांचा अनुभव छापला. या विषयाच्या पाश्चात्त्य इतिहासात बेहेरीला अनेकदा एका ओळीत गुंडाळतात, ते मला पटत नाही. नंतर आलेलं प्रत्येक इम्प्लांट, मग ते कितीही महागडं असो, त्यानं दाखवलेल्या जागेतच बसतं.

1973 हे वर्ष दोन वाटा फुटण्याचं. ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी ब्रॅडली आणि टिम या सहकाऱ्यांबरोबर फुगणारं इम्प्लांट जाहीर केलं: नळ्यांमध्ये दोन पोकळ सिलिंडर, पोटात पाण्याची छोटी पिशवी, अंडकोशात पंप. पंप दाबला की ताठ, झडप सोडली की सैल. दुसरीकडे मायामीत स्मॉल आणि कॅरियन यांनी सिलिकॉनच्या भरीव जोडदांड्या केल्या, त्यांचा निबंध 1975 मध्ये आला. ही दांडी कायम ताठच राहायची. पँटीत लपवणं हा पेशंटचा रोजचा उद्योग. मग फिनीनं 1977 मध्ये तिला बिजागरीसारखी जागा दिली, जर्मनीत योनासनं आत चांदीची तार घातली, म्हणजे हातानं वाकवावं आणि वाकलेलं राहावं.

या सगळ्यात ताठरतेचा प्रश्न भराभर सुटत गेला. मागे उरला मापाचा.

चिखलीतल्या कुठल्याही टर्नरला हा प्रश्न दोन मिनिटांत समजेल. बोअर मोजल्याशिवाय शाफ्ट कापत नाहीत. शाफ्ट जाड झाला तर बसणार नाही, बारीक झाला तर खडखड करणार. इथला बोअर मात्र जिवंत आहे, ताणला तर थोडा ताणतो, जास्त ताणला तर फाटतो, आणि त्याची दोन्ही टोकं डोळ्यांना दिसत नाहीत. ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर नळीला छोटी चीर देतात, दोन्ही दिशांनी ती हळूहळू रुंद करतात आणि मग मोजपट्टीसारखं अवजार आधी पुढे, बोंडापर्यंत, आणि नंतर मागे, बैठकीच्या हाडापर्यंत, सरकवतात. मेयो क्लिनिकच्या फर्लो यांचं नाव या अवजाराला चिकटलेलं आहे. पुढचं माप आणि मागचं माप यांची बेरीज म्हणजे सिलिंडरची लांबी.

इथंच पेशंटची पहिली गफलत होते. समजा पुढे 10 सेंटिमीटर आणि मागे 8 भरले, तर 18 चं सिलिंडर बसतं. हा आकडा कानावर पडला की माणूस खूश होतो. पण त्यातला मागचा मोठा भाग शरीराच्या आत, हाडाला धरून असतो. तो जन्मापासून तिथंच होता आणि कधी दिसला नव्हता, आताही दिसणार नाही. सिलिंडर कंपन्या ठरावीक लांब्यांमध्येच करतात, म्हणून मधली तूट भरायला मागच्या टोकाला टोप्या जोडतात. त्या टोप्यांनी बाहेरची लांबी तसूभरही वाढत नाही.

मग अर्धा सेंटिमीटर जास्त घातलं तर? हा मोह पेशंटला होतो तसा डॉक्टरलाही होतो. लांब दांडी आत दुमडते, लिंग इंग्रजी ‘एस’सारखं वळतं, दुखत राहतं. सततच्या दाबानं टोकाची कातडी पातळ होऊन दांडी बाहेरही येऊ शकते. 1990 मध्ये आलेलं ‘अल्ट्रेक्स’ हे लांबीतही वाढणारं सिलिंडर होतं. कागदावर ते पेशंटच्या मनासारखं, पण त्यात हाच वळण्याचा त्रास दिसला. उलट दांडी आखूड पडली तर बोंडाला आधार राहत नाही आणि ते खाली झुकतं. उतरताना नाक खाली करणारं काँकॉर्ड विमान त्या काळात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून सर्जनांनी या दोषाला स्वनातीत विमानाचंच नाव देऊन टाकलं. डॉक्टरांची विनोदबुद्धी अशी भलत्या ठिकाणी फुलते.

भारतात मापाचा प्रश्न आणखी एका कारणानं अवघड होता, आणि ते कारण शरीरशास्त्राचं नव्हतं. प्रत्येक लांबीची, प्रत्येक जाडीची जोडी कपाटात ठेवायची तर वर्षाकाठी मोजकीच ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयाला ते परवडणार कसं? आयात केलेल्या फुगणाऱ्या इम्प्लांटची किंमत तर लाखांत. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शहा यांनी काढलेली तोड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देशी वाटते. सिलिकॉनची एकच दांडी, तिच्यावर चढवता-उतरवता येणारी आवरणं. टेबलावर नळी उघडल्यावर जाडी ठरवायची, आवरण ठेवायचं की सोलून काढायचं ते तेव्हाच पाहायचं. एकाच जोडीत अनेक मापं. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरच्या सर्जीवेअर कंपनीनं ती बनवली. मेंदूतलं पाणी काढणारी स्वस्त ‘छाब्रा शंट’ बनवणारी कंपनीही तीच. शहांच्या दांडीत पंप नाही, ती आपोआप सैल होत नाही, परदेशी परिषदांत तिचं कौतुक कमी. पण आयात इम्प्लांटच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात काम होतं, आणि बिघडायला आत यंत्रच नाही.

या काळात एक मधली वाटही निघाली. 1983 मध्ये लास व्हेगासच्या युरॉलॉजी परिषदेत ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊन, व्यासपीठावर पँट उतरवून परिणाम दाखवला. मार्च 1998 मध्ये व्हायग्रा आली. 2001 पासून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्याही मिळू लागल्या. इम्प्लांट आता शेवटची पायरी झाली: गोळी चालत नाही, इंजेक्शन चालत नाही, त्यांच्यासाठी. आणि लांबीची तक्रार नेमकी कुठून येते हे समजायला हाच मुद्दा कळीचा आहे. शेवटच्या पायरीवर पोहोचणाऱ्या माणसाची लांबी बऱ्याचदा आधीच गेलेली असते.

वर्षानुवर्षं साखर वाढलेली असली की त्या स्पंजातलं लवचीक ऊतक कडक होत जातं. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतरही तेच होतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यात कधी कधी लिंग ताठ होऊन तासन्‌तास तसंच राहतं, दुखतं. चार तासांच्या आत रुग्णालयात पोहोचायला हवं, पण लाजेपायी दोन-दोन दिवस घरी काढले तर आतलं ऊतक मरतं आणि त्याजागी व्रणाची दोरी तयार होते. अशा नळीत दांडी घालणं सर्जनच्या अंगाला घाम आणणारं काम. वर पोट सुटलेलं असलं, तर जांघेवरच्या चरबीत मुळाकडचा भाग बुडतो. दोन-तीन वर्षं ताठरता आलेलीच नसते, म्हणून हा सगळा घाटा माणसाच्या लक्षातच आलेला नसतो. इम्प्लांट बसतं, पहिल्यांदा पुन्हा ताठ दिसतं, आणि तो म्हणतो, डॉक्टर, कमी झालं.

या तक्रारीचा तपास 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या मल्हॉल यांच्या चमूनं केला. 56 पेशंटांची खेचून मोजलेली लांबी ऑपरेशनआधी आणि नंतर ताडून पाहिली. फरक पडलेला नव्हता. तरी त्यांतल्या 72 टक्के पुरुषांचं म्हणणं होतं की लांबी घटली. एवढंच वाचून थांबलं, तर पुरुषांच्या मनाचे खेळ म्हणून हसून सोडून देता येईल. 1967 मध्ये सिंगापूरमध्ये आणि 1982 मध्ये आसाम-बंगालमध्ये लिंग आत ओढलं जातंय या भीतीची साथच पसरली होती. सिंगापुरात 469 जणांची नोंद झाली. मोजपट्टीनं मात्र कुणाचंच काही गेलेलं नव्हतं.

पण इम्प्लांटचा पेशंट त्या रांगेतला नाही, हे 2009 च्या एका छोट्या अभ्यासानं दाखवलं. वांग आणि सहकाऱ्यांनी खेचलेल्या लांबीशी तुलना केलीच नाही. 11 पुरुषांना ऑपरेशनआधी इंजेक्शन देऊन खरी ताठरता आणली, ती मोजली आणि नंतर इम्प्लांट फुगवून मोजलं. सहा आठवड्यांनी 0.83, सहा महिन्यांनी 0.75 आणि वर्षानं 0.74 सेंटिमीटरची तूट निघाली. कारणही सरळ आहे. नैसर्गिक ताठरतेत बोंडातही रक्त भरतं, ते फुगतं. इम्प्लांट फक्त दोन नळ्या भरतं, बोंड बरंचसं मऊच राहतं. म्हणजे दोन्ही अभ्यास खरे. पहिल्यानं एक माप धरलं, दुसऱ्यानं दुसरं. पेशंट तिसरंच धरून बसलेला असतो: तिशीतलं, साखर आणि पोट येण्याआधीचं, आणि आठवणीत राहून आणखी थोडं वाढलेलं.

खेचून मोजण्याची पद्धतही तितकीशी निरपवाद नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 1996 मध्ये 80 पुरुष मोजले गेले: खेचलेली सरासरी 12.4, ताठ 12.9 सेंटिमीटर, जवळजवळ सारखी. केरळात 2007 च्या अभ्यासात 301 पुरुषांची खेचलेली सरासरी निघाली 10.88 आणि त्यांपैकी ज्यांची ताठ लांबी मोजली त्यांची 13.01. इतका फरक हाताच्या जोराचा असतो. 2015 मध्ये जगभरच्या 15 हजारांहून अधिक पुरुषांची मापं एकत्र केली, तेव्हा ताठ सरासरी 13.12 आली. केरळचा आकडा त्याहून जेमतेम मिलिमीटरभर कमी. तरी आपल्याकडे जास्त गाजली ती 2006 ची बातमी: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 1,200 हून अधिक स्वयंसेवक मोजले आणि आंतरराष्ट्रीय मापाची निरोधं अनेकांना मोठी पडतात असं निघालं. ज्या अभ्यासाचा हेतू निरोध निसटू नये हा होता, त्याची आपण राष्ट्रीय मानहानी करून टाकली.

लांबीपेक्षा सर्जनला खरी धास्ती असते ती जंतुसंसर्गाची. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशातलं पेनिसिलिन इथं पिकू लागलं, तेव्हापासून या परिसराला प्रतिजैविकांचं मोल सांगावं लागत नाही. इम्प्लांटच्या बाबतीत त्यांचा संबंध थेट लांबीशी येतो. दांडीभोवती जंतू वाढले की ती काढावी लागते. काढून तसंच सोडलं, तर पोकळी व्रणानं आवळते, आणि मग जी लांबी जाते ती पट्टीवरही दिसते. इंडियानापोलिसच्या जॉन मल्काही यांनी 1996 मध्ये छापलेला उपाय धाडसी होता: संसर्ग झालेलं इम्प्लांट काढा, पोकळी प्रतिजैविकं, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडीननं पुन्हापुन्हा धुवा आणि त्याच बैठकीत नवं बसवा. 2001 पासून रिफाम्पिसिन आणि मिनोसायक्लिन ही दोन प्रतिजैविकं चढवलेली इम्प्लांटं मिळू लागली आणि ही पाळी येणंच कमी झालं.

लांबी राखण्याचे इतर उपायही आहेत: ऑपरेशनच्या आधी काही आठवडे व्हॅक्यूमचं नळकांडं वापरणं, जांघेवरची चरबी काढणं, अंडकोशाकडून लिंगावर ओढली गेलेली कातडी सोडवणं, फुगणारं इम्प्लांट असेल तर पहिले कित्येक महिने ते रोज फुगवून ठेवणं. यांतला कुठलाही उपाय तिशीतलं माप परत आणत नाही. आणि भिंतीवरचा वैद्य यांतलं काहीच करत नाही.

अनुभवी अँड्रॉलॉजिस्ट आता एक काम न चुकता करतात. ऑपरेशनच्या आधी, पेशंट शुद्धीत असताना, शक्य तर बायकोलाही समोर बसवून, लिंग खेचतात, पट्टी जांघेच्या हाडाला टेकवतात, आकडा मोठ्यानं वाचतात आणि केसपेपरवर लिहितात. मागाहून मोजायचं तर मोजणारा हात तोच असावा, पट्टी तशीच हाडाला टेकलेली असावी. पेशंटला सांगतात की ऑपरेशननंतर साधारण एवढंच मिळेल, कदाचित थोडं कमी, बोंड फुगणार नाही, आणि हे एकदा केलं की नैसर्गिक ताठरतेकडे परतीची वाट नाही, कारण दांडीसाठी जागा करताना आतला स्पंज दबून जातो. काही जण हे ऐकून उठून जातात आणि पुन्हा येत नाहीत. बाकीचे त्या आकड्याखाली सही करतात.